मालकिणीची चिठ्ठी

(देऊळघाट, ता. जि. बुलढाणा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर आजचा विषय 'व्हिक्टोरियाकालीन लेखनातील मालकीण आणि मोलकरीण' असा छापला आहे. मघाशी आत येताना एका ताईंनी मला विचारलं, "मॅडम, हे लंडनचं आम्हाला काय करायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही, तर आजची संध्याकाळ फुकट गेली असं खुशाल समजा.

आधी काळ सांगून टाकते. व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. आपलं वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. म्हणजे तिच्या कारकिर्दीतली शेवटची जवळजवळ पन्नास वर्षं ही आपल्या या भागाचीही वर्षं आहेत. बुलढाण्याला कचेरी आली, साहेब आले, साहेबांच्या मडमा आल्या, आणि त्यांच्या बंगल्यांवर कामाला माणसं लागली. तेव्हा हा काळ फक्त लंडनचा नाही.

मी सुरुवात एका कागदापासून करणार आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी घरकाम करणाऱ्या मुलीला एक नोकरी सोडून दुसरी धरायची असेल, तर आधीच्या मालकिणीकडून लेखी शिफारस लागायची. मुलगी प्रामाणिक आहे का, पहाटे वेळेवर उठते का, दारू पीत नाही ना, बाहेर कोणाशी तिचं काही नाही ना, हे सगळं त्यात. त्या कागदाला म्हणायचे 'कॅरेक्टर'. शब्द बघा. आपण चारित्र्य म्हणतो, ते स्वतःचं असतं. या मुलींचं चारित्र्य मालकिणीच्या टेबलाच्या खणात असायचं. आणि असा कागद द्यायलाच पाहिजे, असं बंधन मालकिणीवर कायद्याने नव्हतं. उलट खोटी शिफारस दाखवली तर शिक्षा होती. त्यासाठी १७९२ सालापासून स्वतंत्र कायदा होता, वीस पौंड दंडाचा. आता वीस पौंड म्हणजे किती? मिसेस बीटन यांचं घरव्यवस्थेवरचं प्रसिद्ध पुस्तक १८६१ साली निघालं. त्यात घरातलं सगळं काम एकटीने करणाऱ्या मोलकरणीचा पगार दिला आहे, वर्षाला नऊ ते चौदा पौंड. म्हणजे दंड दीड-दोन वर्षांच्या पगाराइतका.

हे लहानसहान प्रकरण नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड आणि वेल्समध्ये तेरा लाखांहून जास्त स्त्रिया घरनोकर होत्या. पगारी काम करणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात मोठा गट हाच. साधा कारकून असला, थोडी ऐपत आली, की पहिली गोष्ट काय करायची? एक मोलकरीण ठेवायची. घरात मोलकरीण असली म्हणजे आपण मध्यमवर्गात आलो, अशी ती खूण होती.

मिसेस बीटन पुस्तकाच्या सुरुवातीलाच घरच्या मालकिणीची तुलना सैन्याच्या सेनापतीशी करतात. सेनापती जसा, तसं सैन्य. हे पुस्तक निघालं तेव्हा बाईंचं वय पंचवीस. आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्या वारल्या, बाळंतपणानंतर. सेनापती म्हणवणाऱ्या या मालकिणीचं स्वतःचं आयुष्य किती तिच्या हातात होतं, तेही यात दिसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता प्रश्न असा, की तेरा लाख मोलकरणी होत्या तर त्यांनी स्वतः लिहिलेलं किती आहे? फार थोडं. मालकिणींची पत्रं आहेत, रोजनिशा आहेत, हिशेबाच्या वह्या आहेत, उपदेशाची पुस्तकं आहेत. मोलकरीण त्यात येते ती 'बाई मिळत नाही', 'भांडी फोडते', 'उलट बोलते' अशीच. हॅना कलविक नावाची एक मोलकरीण मात्र सापडते. १८३३ चा जन्म, आठव्या वर्षापासून कामाला. १८५४ पासून पुढे जवळजवळ वीस वर्षं तिने रोजनिशी लिहिली. किती बूट पॉलिश केले, किती जिने घासले, कुठली चूल साफ केली, सगळं. पण ती लिहीत होती कशासाठी? आर्थर मन्बी नावाच्या एका सुशिक्षित गृहस्थाने तिला लिहायला सांगितलं होतं म्हणून. त्याला कष्टकरी बायकांचं विलक्षण आकर्षण होतं. पुढे १८७३ मध्ये त्याने तिच्याशी लग्न केलं, तेही गुपचूप. लोकांच्या नजरेत ती त्याच्या घरची मोलकरीणच राहिली. तिच्या रोजनिशा त्याच्या कागदपत्रांबरोबर केंब्रिजच्या एका कॉलेजात पेटीबंद पडल्या. ती पेटी १९५० मध्ये उघडली आणि तिची रोजनिशी पुस्तक म्हणून छापली गेली ती १९८४ मध्ये. म्हणजे मोलकरणीचा आवाज कागदावर आला, पण कुलूप-किल्ली दुसऱ्याकडेच.

तिथून आता आपल्या देशात येऊ. इकडे आलेल्या मडमांसाठी फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी १८८८ साली एक पुस्तक काढलं. हिंदुस्थानातलं घर कसं चालवावं आणि स्वयंपाकघर कसं सांभाळावं, याचं. त्याच्या पुढे बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. स्टीलबाई पंजाबात वीस-बावीस वर्षं राहिलेल्या, एका अधिकाऱ्याच्या बायको. त्या सरळ सांगतात की घर चालवणं आणि साम्राज्य चालवणं यात फरक नाही, दोन्हीकडे दरारा पाहिजे. हिंदी नोकर वयाने मोठा असला तरी अकलेने लेकरूच, असं त्यांचं मत. काम विसरणाऱ्या नोकराला त्या काय करायच्या, ठाऊक आहे? एरंडेल पाजायच्या. लहान पोराला पाजतात तसं. आणि हे त्यांनी लपवलेलं नाही, मोठ्या कौतुकाने लिहिलं आहे.

या मडमांच्या मुलांना सांभाळायला आया असायच्या. 'आया' हा शब्दही आपला नाही, पोर्तुगीजांकडून आलेला आहे. विलायतेला परत जाताना मडम आयाला बोटीवर बरोबर न्यायची, मुलं सांभाळायला. बोट लंडनला लागली की कित्येकींचं काम तिथेच संपायचं. परतीचं तिकीट असेल तर नशीब. अशा आया तिकडे इतक्या अडकायच्या की त्यांच्यासाठी लंडनमध्ये एक वेगळं वसतिगृह चालत असे. १९०० साली ते हॅकनी भागात हलवलं गेलं. परत येणाऱ्या एखाद्या कुटुंबाला आया हवी असली की तिथून नेत, आणि तिला घरची वाट सापडायची.

या नोकरांजवळ काय असायचं? जुन्या साहेब-मडमांनी दिलेल्या शिफारशींचा जुडगा. फडक्यात बांधून, जिवापेक्षा जपलेला. त्यातल्या बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नसे. आपल्या कागदावर चांगलं लिहिलंय की वाईट, हे ज्याचं त्यालाच माहीत नाही! आणि या कागदाला इंग्रजीत शब्द कोणता रूढ झाला? 'चिट'. तो आपल्या 'चिठ्ठी'वरून गेलेला आहे. इंग्रजी कोशात आजही आहे. शब्द आपण दिला, आणि त्या शब्दाची सत्ता त्यांच्याकडे राहिली.

आता मराठी घरात जाऊ. इथे मात्र इंग्लंडचं माप जसंच्या तसं चालत नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत 'बटीक' आणि 'कुणबीण' हे शब्द येतात. ही कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे बरं का, विकत घेतलेली दासी. अशा बायकांची खरेदी-विक्री होत असे. १८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीचा कायदेशीर आधार गेला. त्याच्या शेजारी 'मोलकरीण' हा शब्द ठेवून बघा. मोल घेऊन काम करणारी. आज आपल्याला हा शब्द कमीपणाचा वाटतो, आपण 'मावशी' म्हणतो, 'कामवाली ताई' म्हणतो. पण बटीक आणि मोलकरीण हे दोन शब्द एकापुढे एक ठेवले की कळतं, 'मोल' या शब्दात केवढा हक्क आहे.

दुसरा फरक स्वयंपाकघराचा. इंग्लंडात मोलकरणीची जागा स्वयंपाकघरात, आणि मालकीण वर दिवाणखान्यात. आपल्याकडे उलटं. सोवळ्याओवळ्याच्या घरात मोलकरणीला स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी. तिने अंगणात भांडी घासायची, आणि ती आत घेताना वरून पाणी ओतायचं. मग चुलीपाशी कोण? घरची सून. आणि त्याहून जास्त, घरातली विधवा. दिराकडची, भावाकडची, मामाकडची. पहाटे उठायचं, सोवळ्यात पाणी भरायचं, रांधायचं, एकदा जेवायचं. तिला पगार नाही, सुट्टी नाही, सोडून जायला दुसरं घर नाही. इंग्रज मोलकरणीला निदान वर्षाचे नऊ पौंड तरी होते. तेव्हा मराठी घरातली खरी बिनपगारी मोलकरीण शोधायची असेल, तर अंगणात नको, आत चुलीपाशी बघा.

यातल्या एकीचं नाव इतिहासात नोंदलं गेलं. तिचं नाव काशीबाई. पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतिराव फुल्यांचे मित्र. त्यांच्या घरी ही तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकीण होती. शेजारच्या एका माणसामुळे तिला दिवस गेले. त्याने हात वर केले. मूल झालं, आणि घाबरून तिने ते मारलं. खटला झाला, आणि तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची. हे १८६३ च्या सुमाराचं. जोतिरावांनी १८८४ साली सरकारला दिलेल्या आपल्या मतात हे प्रकरण सांगितलं आहे. याच सुमाराला जोतिराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेने यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं किंवा घेऊन जावं, कोणी नाव विचारणार नाही.

योगायोग बघा. त्याच्या चारच वर्षं आधी, १८५९ मध्ये, इंग्लंडात जॉर्ज इलियट या लेखिकेची 'ॲडम बीड' ही कादंबरी आली. त्यात हेटी नावाची पोरकी मुलगी मामाच्या शेतावर राहते आणि दूध-लोण्याचं काम करते. म्हणजे नात्याने भाची, आणि कामाने नोकर. तिचंही तेच होतं. जमीनदाराच्या नातवाकडून फसवली जाते, मूल होतं, मूल जातं, फाशीची शिक्षा होते आणि ती बदलून हद्दपारी मिळते. एक कादंबरीतली, एक पुण्यातली. दोघींकडे एकच भांडवल होतं, लोकांच्या तोंडची 'बाई चांगली आहे' ही शिफारस. ती गेली की घर गेलं, अन्न गेलं, सगळं गेलं. म्हणून दोघींनी ते लपवायचा प्रयत्न केला. कॅरेक्टरचा कागद आपल्याकडे लेखी नव्हता एवढंच. चिठ्ठी तोंडी होती.

आता मी तुमच्या दारात येते. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला याच गुन्ह्यासाठी आधी फाशीची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर यथेच्छ लिहिलं गेलं. ते वाचून संतापलेली एक बाई बुलढाण्यात बसली होती. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे, इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात तिचं 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं गेलं, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. इथून हाकेच्या अंतरावर लिहिलेलं पुस्तक आहे हे!

त्या पुस्तकाचा रोख पुरुषांवर आहे, मालकीण-मोलकरीण हा तिचा विषय नाही. पण मी आज ते इथे का आणते? कारण इंग्रज मालकिणीसारखी सेनापती आपल्याकडे नव्हतीच, हे ताराबाईंनी ठणकावून सांगितलं. घरातली बाई मालकीण दिसते, पण ती त्याच घराच्या कायद्यात अडकलेली आहे. याचा एक साधा पुरावा देते. इंग्लंडात नव्या मोलकरणीचं नाव मालकिणीला आवडलं नाही, जास्त फॅशनेबल वाटलं, किंवा घरात कोणाशी जुळलं, तर ती बदलून टाकायची. 'आजपासून तू मेरी.' झालं. आपल्याकडे मोलकरणीचं नाव कोणी बदलत नव्हतं. आपल्याकडे बदलत होतं ते मालकिणीचं! रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुना. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. जिचं स्वतःचं नाव तिच्या हाती नाही, ती दुसरीच्या चारित्र्याचा दाखला कसा देणार, असं आपल्याला वाटेल. पण इतिहासात उलटच दिसतं. ज्याला वरून दाबलं जातं, तो खाली दाबतो. सासूचं सुनेला, सुनेचं विधवा नणंदेला, आणि तिचं अंगणातल्या बाईला. म्हणून मालकीण स्वतः पीडित होती, यावरून तिने मोलकरणीला न्याय दिला असा निष्कर्ष काढू नका.

ताराबाईंचं पुढे काय झालं? जोतिरावांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण टीका इतकी झाली की त्यांनी दुसरं पुस्तक काढलं नाही. आणि हे पुस्तक विस्मरणात गेलं ते १९७५ पर्यंत. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा कुठे आपल्याला कळलं. शिकलेल्या, कारकुनाच्या घरच्या बाईचा आवाज ९३ वर्षं दबून राहिला. मग अंगणात भांडी घासणारीचं काय विचारता?

एक बाई मात्र अशी आहे, जी ही भिंत ओलांडून दोन्ही बाजूंना जाऊन आली. पार्वतीबाई आठवले. जन्म १८७०, कोकणातल्या देवरुखच्या. विसाव्या वर्षी विधवा. त्यांची बहीण गोदूबाई हीसुद्धा बालविधवा. तिचं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि तिची आनंदीबाई झाली. बघा, पुन्हा नाव बदललं! पार्वतीबाई हिंगण्याच्या आश्रमात आल्या, शिकल्या, आश्रम सांभाळला, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. आणि १९१८ साली, पन्नाशीच्या जवळ आलेल्या असताना, एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं आणि आश्रमासाठी पैसा जमवायचा म्हणून. पैसे पुरेनात. तेव्हा त्यांनी तिथल्या घरांमध्ये मोलकरणीचं काम केलं. झाडलोट, भांडी, पडेल ते.

विचार करा. इथे राहिल्या असत्या तर ब्राह्मण विधवा म्हणून एखाद्या नातेवाइकाच्या घरी हेच काम त्यांनी जन्मभर केलं असतं, आणि त्याला कोणी काम म्हटलं नसतं. तिथे त्याच कामाचा पगार हातात पडला. काम तेच, फरक मोलाचा. आणि परत आल्यावर त्यांनी ते झाकलं नाही. १९२८ मध्ये 'माझी कहाणी' लिहिली आणि त्यात ते सांगून टाकलं. दोन वर्षांनी जस्टिन ॲबट यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. हॅना कलविकला लिहायला सांगणारा एक मालक होता. पार्वतीबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या मते मराठीतला हा फार मोलाचा दस्तऐवज आहे, आणि तो आपण फक्त विधवेची कहाणी म्हणून वाचतो. मोलकरणीची कहाणी म्हणूनही वाचून बघा.

अर्थात, पार्वतीबाई आधी आश्रमाच्या होत्या, मागे संस्था होती, परतीची वाट होती. जिला परतीची वाट नाही तिने लिहायला आणखी बराच काळ जावा लागला. बेबी हालदार ही बंगाली बाई गुडगावला घरकाम करायची. तिच्या मालकांनी, प्रबोध कुमार यांनी, तिला वही-पेन आणून दिलं. तिचं 'आलो आँधारि' २००२ मध्ये हिंदीत आलं. इथेही मालकानेच वही दिली. पण पेटीत बंद नाही झाली. पुस्तकावर तिचं नाव आहे, तिच्या हयातीत.

आता शेवटचा टप्पा, आणि मग मघाच्या ताईंचं उत्तर. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. पगारवाढ पाहिजे, सुट्टी पाहिजे. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि तिने नाव कोणतं घेतलं? 'मोलकरीण' हेच. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी करार केला, क्रमांक १८९. भारताने बाजूने मत दिलं, पण तो करार अजून स्वीकारलेला नाही.

महाराष्ट्राच्या मंडळाकडे नोंदणी करायची तर कागद कोणते लागतात? वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, फोटो. आणि जिच्या घरी काम करता, तिचा दाखला. ही बाई माझ्याकडे काम करते, असा. म्हणजे आपण कुठे येऊन पोचलो? मालकिणीची चिठ्ठी! १७९२ चा कागद, बंगल्यावरच्या आयाचा जुडगा, आणि आजचा दाखला, एकाच माळेतले मणी आहेत. यात फरक नक्कीच आहे. आजच्या दाखल्यात चारित्र्य लिहायचं नाही, फक्त काम करते एवढंच लिहायचं. ही मोठी गोष्ट आहे. पण सही मालकिणीचीच लागते.

आता स्वतःचं सांगते, कारण इथे उभं राहून मडमांवर टीका करणं सोपं आहे. माझ्याकडे एक बाई बरीच वर्षं काम करतात. त्यांनी एक दिवस छापील कागद आणला, "ताई, यावर सही पाहिजे." मी म्हटलं, ठेवा, बघते. आणि पंधरा दिवस तो कागद माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिला. मनात काय होतं? उद्या काही कटकट तर नाही ना? बोनस मागतील का? कचेरीतून कोणी विचारायला येईल का? मी इतिहास शिकवते, बायकांचे हक्क शिकवते, आणि माझ्या खणात दुसरीचा कागद! पंधरा दिवसांत त्यांनी एकदाही आठवण केली नाही. रोज येत होत्या, भांडी घासत होत्या, जात होत्या. ते गप्प राहणं मला सगळ्यात जास्त लागलं. सही करायला किती वेळ लागला? दहा सेकंद.

तर ताई, लंडनचं आपल्याला काय करायचं, याचं उत्तर हे. दोनशे वर्षं मालकिणी लिहीत आल्या आणि मोलकरणी वाट बघत आल्या. मोठमोठ्या पुस्तकांत जे दिसतं, ते आपल्या घराच्या खणातही सापडतं. मी माझा उघडला. तुमचा तुम्ही घरी जाऊन उघडा.



(व्याख्यानानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांपैकी दोन.)

प्रश्न: तुम्ही मालकिणींना फारच झोडपलं. आमच्या घरी तर बाईला घरच्यासारखं वागवतात. इंग्लंडातही प्रेमळ मालकिणी असतीलच ना?

उत्तर: होत्या ना. एलिझाबेथ गॅस्केल यांची 'क्रॅनफर्ड' ही कादंबरी आहे. त्यात मिस मॅटीची बँक बुडते, ती कफल्लक होते. तिची मोलकरीण मार्था तिला सोडून जात नाही. स्वतः घाईने लग्न करते, आणि मालकिणीला आपल्या घरी भाडेकरू म्हणून ठेवून घेते. फार सुंदर प्रसंग आहे. पण लक्षात घ्या, तिथे जीव लावते ती मोलकरीण, आणि ते लिहून ठेवते ती मोलकरणी ठेवणाऱ्या वर्गातली लेखिका. प्रेम खोटं असं मी म्हणत नाही. आपण त्यांना मावशी म्हणतो, त्याही आपल्याला ताई म्हणतात, त्यात गोडवा आहे. फक्त मावशी म्हटल्यावर तिचा कप वेगळा का, आणि मावशीची पगारी सुट्टी किती, हे दोन प्रश्न स्वतःला विचारून बघा. घरच्यासारखं म्हणताना घरच्या विधवेची आठवण ठेवा. तिलाही घरचीच म्हणायचे, म्हणून तर तिला पगार नव्हता.

प्रश्न: मॅडम, मी बुलढाण्याला चार घरचे भांडे-कपडे करतो. दाखला मागतला अन् बाईनं कामावूनच काढलं तं?

उत्तर: तुम्ही विचारलंत ते सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. हा कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्याने तुमची नोकरी टिकेल अशी हमी मिळत नाही. एकटीने मागाल तर भीती आहे. म्हणून पुण्याच्या बायकांनी १९८० मध्ये केलं तेच करा. एका गल्लीत काम करणाऱ्या सगळ्या जणी मिळून, एकाच दिवशी, सगळ्या घरी कागद द्या. सगळ्यांना कोण काढणार? आणि इथे समोर बसलेल्या ज्या मालकिणी आहेत, त्यांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे कोणी कागद मागायची वाट बघू नका. उद्या सकाळी त्या आल्या, की तुम्हीच विचारा, "बाई, तुमची नोंदणी झाली का?"